आधी पाणी, मग कोळसा

दिवाळीच्या सुमारास चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी या पट्ट्यातल्या बांध्यांमध्ये हलकं धान कापून झालेलं असतं आणि भारी धान पिवळं पडत असतं. पुंजणे उभे राहतात, मळणी होते, पोती राईस मिलच्या वाटेला लागतात. वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात शिरलं की आरमोरी, वडसा, कुरखेड्याकडेही हेच चालू असतं. मिलमधून तांदूळ एका बाजूला पडतो, कोंडा दुसऱ्या बाजूला, आणि तूस मागच्या आवारात उडत जाऊन साठतं. एका क्विंटल धानामागे साधारण २० किलो तूस निघतं. गुरं ते खात नाहीत. त्यात सिलिका ठासून भरलेली असल्यामुळे ते लवकर कुजतही नाही.

या ढिगाकडे पाहून गेली काही दशकं एक कल्पना पुन्हा पुन्हा मांडली जाते. तूस, लाकडाचा भुसा, बांबूची छाट, कापसाची पऱ्हाटी हा सगळा ‘कचरा’ बंद भट्टीत जाळावा, त्यातून सच्छिद्र कोळसा, म्हणजे कार्बन, काढावा आणि त्यानं दूषित पाणी स्वच्छ करावं. कचरा गेला, पाणी निवळलं, गावाला रोजगार मिळाला. भाषणात ही कल्पना फार शोभून दिसते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जमिनीवर ती उतरवायला गेलं की मात्र पहिलाच प्रश्न आडवा येतो: कचरा म्हणजे नक्की कोणाचा?

तूस फुकट मिळतं असं मानणाऱ्यानं एकदा राईस मिलच्या मालकाशी भावाची बोलणी करून पाहावी. उष्णा तांदूळ करणाऱ्या मिलचा बॉयलर तुसावरच चालतो. वीटभट्टीवाला ते नेतो. वडसा आणि मूल इथं तूस जाळून वीज करणारे प्रकल्प उभे राहिले. ऑक्टोबर २०२१ च्या केंद्रीय धोरणानं औष्णिक वीजकेंद्रांना कोळशासोबत साधारण ५ टक्के शेतमालाचे अवशेष जाळायला सांगितलं, तेव्हापासून पेलेट करणारे गिऱ्हाईकही बाजारात आले. चंद्रपूरचं वीजकेंद्र २,९२० मेगावॉटचं. त्याच्या पोटाला ५ टक्के म्हटलं तरी आकडा लहान राहत नाही. म्हणजे कार्बन करणाऱ्याला तुसासाठी आधी या सगळ्यांशी बोली लावावी लागते.

खरोखर बेवारस पडून राहतं ते दुसरंच. वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना हा कापसाचा पट्टा. वेचण्या संपल्या की पऱ्हाटी आणि तुराट्या धुऱ्यावर रचल्या जातात. थोड्या चुलीत जातात, बाकीच्यांना उन्हाळ्यात काडी लागते. बल्लारपूरला आरा गिरण्यांखाली सागाचा भुसा साचतो. २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं ते याच बल्लारपूरहून, पूजा आणि मिरवणूक काढून. भुशाची मिरवणूक अर्थातच कोणी काढली नाही.

कार्बन तयार कसा होतो, हे थोडक्यात. लाकूड, काडी, करवंटी असं काहीही हवा कोंडून ४०० ते ६०० अंशांना भाजलं की त्यातलं पाणी, धूर आणि डांबरासारखे पदार्थ निघून जातात आणि कोळसा उरतो. हा झाला साधा कोळसा. अलीकडे शेतीच्या संदर्भात त्यालाच बायोचार म्हणतात. त्याची भोकं अजून बरीचशी बुजलेली असतात. ती उघडायचे दोन मार्ग आहेत. एक, ८०० अंशांच्या वर वाफ सोडायची. वाफ कोळशाला आतून कुरतडत जाते. दुसरा, भाजण्याआधीच भुसा फॉस्फरिक आम्लात किंवा झिंक क्लोराईडमध्ये भिजवायचा. मग ५०० अंशांच्या आसपासच काम भागतं, पण नंतर ते रसायन धुऊन काढावं लागतं. या संस्कारानंतर जे हाती येतं त्याला सक्रिय कार्बन म्हणतात. चांगल्या सक्रिय कार्बनच्या एका ग्रॅममध्ये छिद्रांच्या भिंतींचं क्षेत्रफळ हजार चौरस मीटरपर्यंत भरतं. शेतकऱ्याच्या हिशेबात सांगायचं तर चिमूटभर काळ्या भुकटीत दहा गुंठे जमीन. पाण्यातले नको ते रेणू या जमिनीवर येऊन चिकटतात.

कोळशाचा हा गुण १७८५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये टोबियास लोविट्झ यांनी नोंदवला. टार्टरिक आम्लाचं मळकट द्रावण त्यांनी कोळसा घालून नितळ केलं. पुढे साखर कारखान्यांनी रस पांढरा करायला तो वापरला, आणि पहिल्या महायुद्धात विषारी वायूचे मुखवटे भरायला अमेरिकेनं लोकांकडून पीचच्या कोयी गोळा केल्या. आज पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरातल्या फिल्टरमध्ये जो काळा दंडगोल असतो, तो बहुधा नारळाच्या करवंटीचा. करवंटी घट्ट, राख कमी, छिद्रं बारीक. तूस या परीक्षेत मागे पडतं. जाळल्यावर त्याचा पाचवा हिस्सा राख होतो आणि त्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. तुसापासून चांगला कार्बन हवा तर ही सिलिका अल्कलीनं विरघळवून बाहेर काढावी लागते, आणि तिथं खर्च चढतो.

महाराष्ट्रात तुसानं पाण्याच्या कामी नाव कमावलं ते याच अडचणीला वळसा घालून. पुण्यातल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये तुसाच्या राखेतून ‘सुजल’ नावाचा स्वस्त फिल्टर तयार झाला. सिलिका काढून टाकण्याऐवजी तिथं राख जशीच्या तशी वापरली. तिच्यातल्या सिलिकेच्या जाळीचा आणि उरलेल्या कार्बनचा, दोहोंचा उपयोग करून घेतला. २००४ च्या त्सुनामीनंतर हे फिल्टर आपत्तिग्रस्तांमध्ये वाटले गेले. डिसेंबर २००९ मध्ये टाटा केमिकल्सनं ‘टाटा स्वच्छ’ बाजारात आणला तो याच राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण चढवून. तेव्हाची किंमत ७४९ आणि ९९९ रुपये, एका बल्बमध्ये ३,००० लिटर पाणी, वीज नको, नळ नको.

त्यात चांदी का घालावी लागली, हे चंद्रपूर-गडचिरोलीत नीट समजून घ्यायला हवं. कार्बन जंतू मारत नाही. उलट त्याच्या छिद्रांत अडकलेल्या सेंद्रिय द्रव्यावर जंतू सुखानं वाढू शकतात. भामरागड, एटापल्लीकडे पावसाळ्यात नाल्याकाठच्या झऱ्याचं किंवा विहिरीचं पाणी पिणाऱ्या घराला पहिला धोका हगवणीचा असतो. तिथं नुसता कोळशाचा फिल्टर ठेवणं म्हणजे पाणी पारदर्शक करून मनाची समजूत घालणं. आधी उकळणं किंवा क्लोरीन, मग बाकी सगळं. याच जंगलातल्या निवळीच्या बिया रांजणात उगाळून गढूळ पाणी निवळायची जुनी रीत आहे, तिचीही मर्यादा हीच: गाळ बसतो, जंतू पूर्ण जात नाहीत.

चंद्रपूर जिल्ह्याच्या पाण्याचं मोठं दुखणं मात्र जंतूंपेक्षा वेगळं आणि डोळ्यांना न दिसणारं आहे. जिल्ह्यातल्या कित्येक गावांच्या हातपंपाच्या आणि बोअरवेलच्या पाण्यात खडकातून उतरलेलं फ्लोराईड मर्यादेबाहेर आहे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. त्यापलीकडे वर्षानुवर्षं पीत राहिलं की पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात आणि मोठेपणी सांधे आखडतात. सक्रिय कार्बनचा प्रकल्प चंद्रपुरात करायचा असं कोणी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात हेच पाणी येतं. आणि नेमका इथंच कार्बन कच्चा पडतो.

याचा बराचसा इतिहास शेजारच्या नागपुरातच घडलेला आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय संशोधकांनी धानाच्या तुसाचा कार्बन १ टक्का पोटॅशच्या द्रावणात शिजवून, रात्रभर २ टक्के तुरटीच्या पाण्यात भिजवून फ्लोराईडवर वापरून पाहिला. एका किलोनं ३२० मिलिग्रॅम फ्लोराईड धरलं. १९५८ साली नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली. १९७४ पासून आपण तिला ‘नीरी’ म्हणून ओळखतो. तिथं लाकडाच्या भुशावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून, तुरटी मुरवून ‘डिफ्लोरॉन-१’ हे द्रव्य तयार झालं. भुसा झिजायचा, त्यातून पाणी नीट वाहायचं नाही. मग १९६८ मध्ये भुशाच्या जागी दगडी कोळसा घेऊन ‘डिफ्लोरॉन-२’ आलं. ते काम करायचं, पण ठरावीक काळानं तुरटीच्या द्रावणानं त्याला पुन्हा ताजं करावं लागायचं, आणि ते बिनचूक करणारा माणूस खेड्यात मिळणं मुश्कील होतं. अखेर १९७५ च्या सुमारास नीरीनं कोळसा, भुसा सगळंच बाजूला ठेवलं आणि ‘नालगोंडा पद्धत’ दिली: पाण्यात चुना आणि तुरटी घाला, ढवळा, गाळ बसू द्या, वरचं पाणी घ्या. बादलीतही जमतं.

भुसा, दगडी कोळसा, तुरटी अशी ही वाट पाहिली की लक्षात येतं, प्रत्येक टप्प्यावर खरं काम तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमनं केलं. कार्बन फक्त त्याला बसायला पाट देत होता. फ्लोराईडचा आयन अगदी लहान असतो आणि पाण्याच्या रेणूंना घट्ट धरून बसतो. कोळशाच्या तेलकट स्वभावाच्या भिंतीकडे जायचं त्याला कारण नसतं. अ‍ॅल्युमिनियमशी मात्र त्याचं जुळतं. नीरीनं पुढे सौर विजेवर चालणारी फ्लोराईड काढणारी यंत्रणा चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला बसवली, तिच्यातही पाण्यात बुडवलेल्या पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्याच आहेत.

३२० मिलिग्रॅम म्हणजे किती, याचा हिशेब पाटीवर मांडून पाहावा. विहिरीच्या पाण्यात लिटरमागे ३ मिलिग्रॅम फ्लोराईड आहे आणि ते १ वर आणायचं आहे. म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम काढायचं. एका किलो कार्बनमधून १६० लिटर पाणी निघेल. घराला पिण्यापुरतं रोज २० लिटर धरलं तर किलोभर कार्बन आठ दिवसांत संपला. शंभर घरांच्या गावाला वर्षाकाठी साडेचार टन. तुरटीत भिजवून तोच कार्बन पुन्हा वापरता येतो हे खरं, पण मग पुन्हा तोच नागपूरचा जुना प्रश्न: भिजवणार कोण?

आता दुसरं पाणी घेऊ. सक्रिय कार्बनची ताकद मोजायला प्रयोगशाळेत मिथिलीन ब्ल्यू नावाचा निळा रंग वापरतात. बाजारातला चांगला कार्बन ग्रॅममागे २०० ते ३०० मिलिग्रॅम रंग धरतो. किलोमागे दोन-तीन लाख मिलिग्रॅम. तुसाच्या त्या जुन्या कार्बननं फ्लोराईड जितकं धरलं त्याच्या सहाशे ते नऊशेपट. दोन्ही प्रयोग एकाच मापाचे नाहीत, तरी फरकाची जात कळायला एवढं पुरे. रंगाचे रेणू मोठे, चपटे, कड्यांचे. कार्बनच्या भिंतीही तशाच कड्यांच्या. ते एकमेकांना चिकटतात आणि सहजी सुटत नाहीत. कीटकनाशकं, फिनॉल, वास आणणारे पदार्थ, कागद कारखान्याच्या सांडपाण्यातली लिग्निनची तपकिरी झाक, हे सगळं कार्बनच्या हातातलं काम.

त्यामुळे कार्बनला चंद्रपुरात काम नाही असं अजिबात नाही. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषण क्रमवारी लावली तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथ्या क्रमांकावर होतं. कोळसा खाणी, सिमेंट, वीज, कागद सगळं एका जिल्ह्यात. बल्लारपूरचा कागद कारखाना स्वातंत्र्याच्या आधीपासूनचा आणि त्याचा कच्चा माल पिढ्यान् पिढ्या याच जंगलांतला बांबू. अशा उद्योगाचं सांडपाणी जैविक प्रक्रियेतून बाहेर आल्यावरही जो रंग उरतो, त्यासाठी शेवटच्या टप्प्यात कार्बनची गाळणी हा जगभर मान्य असलेला उपाय आहे. धानाच्या बांध्यांतून फवारणीचं औषध तळ्यात उतरतं. मालगुजारी तलावाचं पाणी पिणारं एखादं गाव असेल तर तिथंही कार्बनची गाळणी कामाची.

वैनगंगेचं प्रकरण वेगळं. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या जलाशयात येतं. तीच नदी खाली चंद्रपूर-गडचिरोलीची सीमा होऊन वाहते. शहराचा मैला नदीत सोडून खालच्या गावांना कोळशाचे फिल्टर वाटणं ही थट्टा झाली. तिथं आधी नागपुरातच मैलाशुद्धीकरण व्हायला हवं. गडचिरोलीतल्या सुरजागडच्या लोहखनिजाचा लाल गाळ पावसात शेतात उतरतो अशा तक्रारी आहेत, त्यावरही कार्बनचा उपयोग नाही. गाळाला बसायला तळं लागतं, छिद्रं नव्हे.

चंद्रपूर शहरातल्या गोंडकालीन रामाळा तलावात इकॉर्निया माजली. तलावासाठी २०२१ च्या सुरुवातीला इको-प्रो या पर्यावरण संस्थेचे बंडू धोतरे अन्नत्याग करून बसले. अशा जलपर्णीचा कोळसा करावा, अशी सूचना हमखास येते. पण ती वनस्पती दहातले नऊ भाग पाणीच असते. वाळवायलाच जागा आणि ऊन लागतं. शिवाय घाण पाण्यातले जड धातू ती मुळांत साठवते आणि भाजल्यावर ते कोळशातच राहतात. तो कोळसा पिण्याच्या पाण्याजवळ नेऊ नये.

बांबूचं तसं नाही. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बुरडकाम असो की फर्निचर, बांबू तासताना छाट भरपूर निघते, आणि बांबूच्या उभ्या नळ्यांमुळे त्याचा कोळसा मुळातच सच्छिद्र असतो. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे तर या बाबतीत देशाला माहीत असलेलं गाव. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क आणि २७ एप्रिल २०११ रोजी स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः द्यायचा अधिकार त्याला मिळाला. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कित्येक वर्षांच्या चिकाटीचं ते फळ. त्यानंतर जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदू स्वतः विकू लागल्या.

मग ग्रामसभेनं बांबूच्या छाटीचा कोळसा करून का विकू नये? इथं एक कायदेशीर काटा आहे. भारतीय वन कायदा १९२७ च्या कलम २ मध्ये ‘वनोपज’ म्हणून जी पहिली यादी येते, तिच्यात कोळसा आहे, आणि तो जंगलातून आणलेला असो वा नसो. मोहाची फुलं, लाख, हिरडा यांच्याच रांगेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये जंगलाबाहेरचा बांबू ‘झाडा’च्या व्याख्येतून वगळला गेला, कोळसा यादीत तसाच राहिला. वनहक्क कायद्यात गौण वनोपज म्हणून बांबू स्पष्ट लिहिलेला आहे, कोळसा नाही. म्हणजे गावाचा बांबू गावाच्या परवान्यावर सुटेल, पण त्याच बांबूची काळी पोती नाक्यावर अडली तर वाद घालावा लागेल. हा नियम जंगल तोडून कोळसा पाडणाऱ्यांसाठी होता आणि त्या काळी गरजेचाही होता. पऱ्हाटीचा किंवा छाटीचा कोळसा त्यातून वेगळा काढणं हे काम प्रयोगशाळेतलं नाही, मंत्रालयातलं आहे.

प्रयोगशाळा त्यांच्या जागी जोमात आहेत. रसायनशास्त्राच्या विभागात डोकावलं तर कुठल्या ना कुठल्या झाडाच्या सालीचा, शेंगेचा, बियांचा कार्बन करून त्यावर रंग किंवा क्रोमियम चढवण्याचा प्रयोग चालू दिसतो. पदवीसाठी तो सोयीचा आहे: साहित्य स्वस्त, आलेख सुबक, निष्कर्ष हमखास. अडचण अशी की बहुतेक प्रयोग ऊर्ध्वपातित पाण्यात एकच प्रदूषक मिसळून होतात. वर्धा नदीच्या पाण्यात एकाच वेळी गाळ, क्षार, सेंद्रिय द्रव्य आणि दहा प्रकारचे आयन जागेसाठी भांडत असतात. तिथं ग्रॅममागचा तो देखणा आकडा निम्म्याहून खाली येऊ शकतो. आणखी एका सालीचा कार्बन करण्यापेक्षा आधीच माहीत असलेल्या चार कार्बनमधून खऱ्या सांडपाण्याची एक टाकी सहा महिने चालवून दाखवणं जास्त मोलाचं, पण त्याला पीएचडी मिळायला वेळ लागतो.

आणि वापरून झालेला कार्बन? हा प्रश्न लेखांमध्ये शेवटच्या परिच्छेदात येतो, गावात मात्र पहिल्याच पावसाळ्यात. प्रदूषक नाहीसं झालेलं नसतं, पाण्यातून कोळशात आलेलं असतं. उकिरड्यावर टाकलं तर ते पुन्हा जमिनीत. २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या यादीत उद्योगातला वापरलेला कार्बन आहे. तो कुठेही फेकता येत नाही. या बाबतीत चंद्रपूरकडे इतर जिल्ह्यांना हेवा वाटावा अशी सोय आहे. घुग्घुस, आवारपूर, उपरवाही या बाजूच्या सिमेंट भट्ट्यांमध्ये कच्चा माल १,४५० अंशांपर्यंत तापतो, आणि परवानगी घेऊन घातक कचरा अशा भट्टीत इंधन म्हणून जाळायची पद्धत देशात रूढ आहे. रंग शोषलेला कार्बन तिथं पूर्ण जळून जातो.

तेव्हा या दोन जिल्ह्यांत कार्बनचा पहिला प्रयोग कुठं करावा असं विचारलं, तर नकाशावर बोट बल्लारपूरवर पडतं. सागाचा भुसा तिथंच, रंगीत सांडपाणी तिथंच, वापरलेला कार्बन जाळायला सिमेंट भट्ट्या पन्नास-साठ किलोमीटरच्या टापूत. नाक्यावरचा परवाना मागायलाही फारसं कारण नाही, कारण वापरला जाईपर्यंत कोळसा तालुक्याबाहेर जाणारच नाही. राहतो तो पद्धतीचा प्रश्न. फॉस्फरिक आम्लाची पद्धत कमी उष्णतेत भागवते, पण कार्बन धुताना निघणारं आम्लाचं पाणी नाल्यात गेलं तर त्यातलं फॉस्फेट खाऊन इकॉर्नियाच फोफावेल, म्हणजे ते आम्ल परत मिळवण्याचा वेगळा खर्च आला. वाफेच्या पद्धतीत ही धुणी नाहीत. पण ८०० अंशांवर भट्टी तापती ठेवायला भुसाच जाळावा लागणार आणि टनामागे हाती येणारा कार्बन घटणार. कोणती पद्धत परवडेल, हे बल्लारपूरचा भुसा आज नुसता पडून राहतो की काही भावानं उचलला जातो त्यावर ठरेल.